नोटपॅडमध्ये उघडणारे फोटो

"पाय पाहून टाक बे, क्रेट हाय खाली," देवानंदबाबू म्हणाला. "सांडलं तर आठ दिवस वास जात नाही."

सांडायची गरजच नव्हती. वास आधीच होता. सडक्या अंड्यांचा. टेबलाखाली प्लास्टिकचा क्रेट, त्यात बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या. काही पिवळट, काही काळ्याकुट्ट. मी खुर्चीवर पाय वर घेऊनच बसलो. मग कीबोर्डकडे लक्ष गेलं. बटणांच्या फटीत तंबाखूच्या खर्र्यातली सुपारी अडकलेली. एंटर दाबलं की चिकटायचं, वर यायचंच नाही. मी रुमालानं पुसलं आणि तो रुमाल तिथेच सोडला. परत खिशात घालायची हिंमत झाली नाही.

सात वर्षं झाली याला. तेव्हा मी बावीसचा. कोर्सबिर्स काही केला नाही. जुने कॉम्प्युटर उघडायचे, बिघडवायचे, परत जोडायचे, असंच शिकलो. तालुक्यात कुणाचं काही अडलं की रोशनला बोलवा. तालुक्याचं नाव लिहीत नाही. अजून इथेच राहतो.

जागा म्हणजे पाणी तपासायची प्रयोगशाळा. दोन खोल्या. गावोगावचं पाणी इथे येतं, तपासतात, आणि कागद मिळतो. पिण्यास योग्य, नाहीतर पिण्यास अयोग्य. गुल्हाने साहेब मुख्य. कॉम्प्युटरवर देवानंदबाबू. तपासणीचं काम शोभाताईकडे, ती त्या दिवशी सुट्टीवर होती.

साहेबांनी सकाळीच फोन केला होता. सोमवारी वरून माणसं येणार होती तपासायला. "तपासलेल्या बाटल्यांचे फोटो दाखवा म्हणतील. आमचे तर उघडतच नाहीत. ये आणि करून दे. नीट केलंस तर वर्षभराचं कॉम्प्युटरचं काम तुलाच. लेखी."

लेखी काम मला तोपर्यंत कुणीच दिलं नव्हतं.

"दाखव, काय उघडत नाही?"

देवानंदबाबूनं एका फोल्डरवर क्लिक केलं. दोनशे बारा फाईल्स. प्रत्येकीवर गावाचं नाव, तारीख. आणि प्रत्येकीचं चित्र सारखंच, नोटपॅडचा कागद.

"हे फोटो?"

"शोभाबाई म्हणते फोटो हाय. हे पाह्य." त्यानं एकीवर डबल क्लिक केलं. नोटपॅड उघडलं आणि स्क्रीनभर गिचमिड. चौकोन, प्रश्नचिन्हं, मधेच एखादं चिनी अक्षर. "आता यात काय दिसते तूच सांग."

"हे कधीपासून?"

"नवा फोन आला तेव्हापासून. आठ महिने."

"आठ महिन्यांत एक फोटो नाही पाहिला?"

"नव्या फोनचा फोटो जुन्या कॉम्प्युटरले झेपत नसन, असं समजलो मी."

तसं अर्धं बरोबरच होतं त्याचं. प्रत्येक फाईलच्या नावामागे एक शेपूट असतं. ते बघून कॉम्प्युटर ठरवतो, ही कशात उघडायची. नव्या फोनच्या फोटोंचं शेपूट नवं होतं, या कॉम्प्युटरला ते माहीत नव्हतं. पहिल्या वेळी कॉम्प्युटरनं विचारलं असणार, कशात उघडू? तसं मी देवानंदबाबूला म्हटलं.

"विचारलं न," देवानंदबाबू म्हणाला. "यादीत नोटपॅड दिसलं. ओळखीचं वाटलं. खाली ते 'नेहमी' होतं, त्याच्यावर टिक मारली. नाहीतर घडीघडी विचारते न ते. डोक्याले ताप."

"मग रिपोर्ट कशावरून बनवता?"

"कशावरून म्हंजे? मागचा रिपोर्ट घेतो, कॉपी मारतो. गाव बदलवतो, तारीख बदलवतो. झालं."

"आणि योग्य का अयोग्य?"

"ते तर असतेच न त्यात. योग्य." तो माझ्याकडे असा बघत होता, जसं मीच काहीतरी विचित्र विचारलं. "पाणी खराब असतं तर शोभाबाई बोलली असती. बोलली नाही म्हंजे चांगलं हाय. ती कायले गप्प राहीन?"

एवढं बोलून त्यानं टेबलावरची एक रिकामी बाटली उचलली, झाकण काढलं आणि आत थुंकला. लाल. पाण्याचा नमुना आणायची बाटली होती ती. गावाच्या नावाची चिठ्ठीही तशीच होती तिच्यावर.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "बाबू, झाला का आमचा?"

चाळिशीच्या बाई. साडीला पिन, हातात पिशवी, चपला धुळीनं माखलेल्या. देवानंदबाबू मला हळूच म्हणाला, "उईके मॅडम. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका. तिसरी चक्कर." मग मोठ्यानं, "होते न मॅडम, बसा. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन राहिला."

"बसायला वेळ नाही हो. तीन पोरी गावी पाठवल्या परवा. डोळे पिवळे झाले त्यांचे. काल आणखी दोघींनी उलट्या केल्या."

"मागचे दोन रिपोर्ट तर योग्य आले तुमचे."

"तेच तर. संस्थेवाले तेच दाखवतात मला. विहीर चांगली आहे, पोरी बाहेरचं खातात म्हणतात. मी म्हटलं विहीर बंद करा, टँकर लावा. तर म्हणतात, अयोग्यचा कागद आणा, दुसऱ्या दिवशी टँकर उभा करतो." त्या भिंतीला टेकल्या. "चौसष्ट पोरी आहेत माझ्याकडे. वीस दिवस झाले पाणी उकळून राहिले मी. सिलेंडर पुरत नाही, स्वयंपाकीण रोज भांडते. एकदाचं काय ते कळू द्या. चांगलं असेल तर चांगलं म्हणा, मी उकळणं बंद करते."

"बसा बाहेर. पाच मिनिटं."

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

मी माझ्या मोबाईलचं इंटरनेट जोडलं. एक छोटं सॉफ्टवेअर उतरवलं. एका फाईलवर राइट क्लिक, 'ओपन विथ', फोटोवालं ॲप निवडलं, खाली 'नेहमी'वर टिक, ओके.

आणि फोल्डर बदललं. नोटपॅडचे कागद एकेक करून गेले आणि त्यांच्या जागी चित्रं भरत गेली. वरून खाली. बाटली, बाटली, बाटली. पाणी भरून अठ्ठेचाळीस तास झाल्यावर काढलेला प्रत्येक बाटलीचा फोटो. शोभाताईनं मन लावून काढलेले. मागे पांढरा कागद, शेजारी चिठ्ठी.

बऱ्याच पिवळट होत्या. पण सगळ्या नाही. स्क्रोल करत गेलो तशा मधेमधे काळ्या दिसायला लागल्या. चारात एक तरी.

"काळी म्हणजे काय?" मी विचारलं. खरं तर कळलं होतं.

देवानंदबाबूचं चघळणं थांबलं होतं. "काळी म्हंजे... घाण."

"कसली घाण?"

"संडासची. संडासचं पाणी मुरलं असन तर काळी होते."

मी नावं वाचत गेलो. शेवटच्या ओळीत होतं, वसतिगृह विहीर. एक नाही, तीन. तिन्ही वेगवेगळ्या तारखांच्या. मी शेवटची उघडली. स्क्रीनभर काळी बाटली. डांबर भरल्यासारखी.

देवानंदबाबू उठला आणि साहेबांना बोलवायला गेला.

गुल्हाने साहेब आले ते टॉवेलला हात पुसत. जेवत होते. त्यांनी स्क्रीन पाहिली. मग वाकून परत पाहिली. मग आधी जाऊन दार लावलं.

"हे सगळे असेच उघडतील आता?"

"हो सर. डबल क्लिक केलं की."

"कुणीही केलं तरी?"

"कुणीही."

ते खुर्ची ओढून बसले. हाताला लोणच्याचा वास. त्या खोलीतला सडका वास आणि हा लोणच्याचा, दोन्ही एकत्र. आजही कुणी लिंबाचं लोणचं वाढलं की मला तो दिवस आठवतो. "देवानंदा, गाढवा," ते शांतपणे म्हणाले. "किती गेले असे?"

"दोनशे अकरा, साहेब. मॅडमचा आजचा राहिला."

"सगळे योग्य?"

"सगळेच."

साहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या बाईंना आत बोलावतील. खरंच वाटलं होतं.

"रोशन," ते म्हणाले, "होतं तसं करून दे."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी जसं होतं तसं. नोटपॅडमध्ये. सोमवारी सांगू, नव्या फोनचे फोटो उघडत नाहीत, वरून सॉफ्टवेअर पाठवा. टेक्निकल अडचण. त्याला कुणी काही म्हणत नाही."

"पण सर, बाहेर त्या मॅडम..."

"तिला आधीचे दोन योग्य दिलेत ना आपण? आज अयोग्य दिला तर ती पहिलं काय विचारेल? मागचे कसे दिले. आणि मग एक तिची विहीर नाही राहत, ही सगळी गावं येतात दारात." त्यांनी स्क्रीनकडे बोट केलं. बोटाला तेल होतं. "पुढच्या महिन्यात देऊ तिला अयोग्य. पाणी अचानक बिघडलं म्हणू. तशीही उकळूनच पाजते ना ती? काही होत नाही."

"सर..."

"वर्षभराचं काम तुझं आहे म्हटलंय मी. लेखी. आजच काढतो कागद. समजदार पोरगा हवा इथे."

मी राइट क्लिक केलं. 'ओपन विथ'. नोटपॅड. 'नेहमी'वर टिक. ओके. इतकंच असतं ते, मोजून चार क्लिक. तरीही फोल्डरमध्ये चित्रं दिसतच होती, म्हणून साहेब म्हणाले, "हे छोटे छोटे फोटो पण नकोत." मी फोल्डर लिस्टवर टाकलं. फक्त नावं राहिली. देवानंदबाबूनं मागच्या रिपोर्टची फाईल उघडली, तारीख बदलली, प्रिंट काढली. माझ्या डोळ्यांसमोर. पिण्यास योग्य. साहेबांनी सही केली, आणि पुन्हा जेवायला गेले.

देवानंदबाबूनं मला म्हटलं, "तू जातच आहे न बाहेर, देऊन दे मॅडमले."

मी तो कागद नेऊन दिला. माझ्या हातानं.

उईके मॅडमनी वाचला. परत वाचला. मग त्यांचे खांदे एकदम खाली आले. इतका वेळ किती आखडून बसल्या होत्या ते तेव्हा कळलं. "योग्य," त्या म्हणाल्या. "चला. म्हणजे मीच उगाच घाबरले. दुसरंच काही असेल मग. साथ असेल कसली."

मी गाडीची किल्ली शोधत होतो. घामाघूम झालो होतो. त्यांनी बघितलं. पिशवीतून स्टीलची बाटली काढली. "घ्या, पाणी प्या. केवढं उकडते आत."

मी बाटली घेतली. झाकण उघडलं. "कुठलं पाणी?"

"आमचंच. सकाळी घाईत उकळायचं राहिलं, तसंच भरून आणलं. पण आता काय, कागदच मिळाला."

त्या हसत होत्या. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी 'का' म्हणून विचारलं असतं. तहान नाही म्हणालो असतो तर माझा ओला शर्ट दिसत होता. एवढाच विचार आला डोक्यात. आपल्यावर संशय यायला नको. मी बाटली वर धरली आणि दोन घोट प्यालो. थंड होतं. गोड होतं. त्या पाण्याला कसलाच वास नव्हता. हे सगळ्यात वाईट होतं.

"बघा," त्या म्हणाल्या. बाटली परत घेतली. "जाऊन पहिलं सिलेंडर बंद करते. पोरी खुश होतील. गरम पाणी पिऊन कंटाळल्या."

त्या पायऱ्या उतरायला लागल्या. एक. दोन.

"उकळणं बंद नका करू," मी म्हणालो.

"हं?"

"बंद नका करू, मॅडम."

त्या वळल्या. माझ्याकडे पाहिलं. हातातल्या कागदाकडे पाहिलं. मागच्या बंद दाराकडे पाहिलं. हुशार बाई. मला वाटतं त्यांना तिथेच सगळं कळलं.

"मग तू काऊन प्याला?" त्या म्हणाल्या.

मी परत किल्ली शोधायला लागलो.

त्या मला बाजूला करून आत गेल्या. दार ढकललं. मी मागोमाग. का गेलो माहीत नाही. पळून जायला पाहिजे होतं, पण पाय तिकडे गेले.

"साहेब, बाटलीचा फोटो काढता ना तुम्ही? तो दाखवा मला."

साहेब दुसऱ्या खोलीतून आले. तोंडात घास होता, तो चावून गिळेपर्यंत बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. मोजल्यासारखं. "मॅडम, दाखवला असता हो. देवानंदा, उघडून दाखव मॅडमला."

देवानंदबाबूनं डबल क्लिक केलं. नोटपॅड. चौकोन, प्रश्नचिन्हं, चिनी अक्षरं.

"बघा. उघडतच नाही. नवीन फोनचा प्रॉब्लेम आहे. म्हणून तर कारागीर बोलावला. त्यालाही जमलं नाही. काय रे रोशन?"

तिघंही माझ्याकडे बघत होते.

"जमलं का तुला?" उईके मॅडमनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. त्यांनी मला तू म्हटलं होतं पायऱ्यांवर, तेव्हापासून तूच.

मी देवानंदबाबूला उठ म्हणालो. तो साहेबांकडे बघायला लागला. मी उभ्यानंच माऊस घेतला. राइट क्लिक. 'ओपन विथ'. फोटो. 'फक्त एकदा'. ओके.

काळी बाटली. शेजारी चिठ्ठी, शोभाताईच्या अक्षरात, वसतिगृह विहीर.

मग साहेब म्हणाले, "हा फोटो अंधारात काढलाय."

उईके मॅडमनी फोन काढला आणि स्क्रीनचा फोटो घेतला. एक लांबून, एक जवळून. दुसरा हलला, म्हणून तिसरा घेतला.

आणि तिसऱ्या फोटोनंतर गुल्हाने साहेबांचा चेहरा जसा बदलला, तसा मी कुणाचा बदलताना पाहिला नाही. आत काही झालंच नाही आणि वरचं सगळं बदललं. "बरं झालं मॅडम तुम्ही थांबलात," ते म्हणाले. "आत्ताच लक्षात आलं आमच्या. म्हणूनच तर याला परत बोलावलं आत. देवानंदा, बघत काय बसला? अयोग्य टाक. लाल अक्षरात. आणि तो जुना कागद घे त्यांच्याकडून."

"तो मी देणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"बरं बरं, राहू द्या."

नवा कागद निघाला. पिण्यास अयोग्य. त्याच साहेबांची सही, त्याच पेननं. मॅडमनी दोन्ही कागद पिशवीत ठेवले, वेगवेगळ्या कप्प्यांत. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत. मी दारात उभा होतो, त्यांनी पदर आवरून घेतला, माझ्या अंगाला लागू नये असा.

त्या गेल्यावर साहेबांनी मला बसवलं. मला वाटलं आता शिव्या मिळणार. त्यांनी जारमधून ग्लास भरला, माझ्यापुढे ठेवला. ते स्वतः जारचंच प्यायचे, विकतचं.

"एक ठीक आहे," ते म्हणाले. "तिच्या पोरी आजारी होत्या, ती बोंबलली असती. एक दिलं, विषय संपला. बाकीचं राहू दे. कुणी विचारलंय का बाकीचं?"

"नाही."

"मग."

त्यांनी ड्रॉवर उघडला आणि लेटरहेड काढलं. माझं पूर्ण नाव विचारलं. रोशन श्रावण ढोले. स्पेलिंगसकट लिहून घेतलं.

सोमवारी वरची माणसं आली, टेक्निकल अडचण लिहून घेऊन गेली. विहीर तिसऱ्या दिवशी बंद झाली, टँकर लागला. पेपरमध्ये चार ओळी आल्या, प्रयोगशाळेच्या तत्परतेमुळे वगैरे. साहेबांचा फोटो होता. पोरी बऱ्या झाल्या असं ऐकलं. मला काहीच झालं नाही. दोन घोटांनी काही होत नाही बहुतेक. मी मात्र महिनाभर रोज सकाळी आरशात डोळ्यांचा रंग बघत होतो.

ते काम मी घेतलं. चार वर्षं केलं. दर महिन्याला जायचो, अँटिव्हायरस, प्रिंटरची शाई, साफसफाई. पहिल्याच महिन्यात शोभाताई भेटली. "फोटो तर मी सगळे टाकले होते रे," म्हणाली. "पाहिले नव्हते काय त्यांनी?" मी म्हटलं, उघडत नव्हते. "आता उघडतात न?" मी म्हटलं, हो. ती समाधानानं गेली, पुढच्या बाटल्या घासायला. आणि देवानंदबाबू माझ्या शेजारी बसून डबल क्लिक करत होता, गिचमिड बघत होता, बंद करत होता, गाव बदलत होता, तारीख बदलत होता.

मी त्या दिवशी स्क्रोल करताना नावं वाचली होती हे सांगितलं वर. काळ्या बाटल्यांची. त्यात एक गाव माझ्या मावशीचं होतं. त्याच संध्याकाळी मी तिला फोन केला.

"पाणी उकळून पीत जा," म्हणालो.

"काऊन रे?"

"असंच. गरम पाणी चांगलं असते."

ती हसली. पण ऐकते माझं, उकळायला लागली.

बाकीच्या गावांत माझं कुणी नव्हतं.